मलसुनचा अंगठा

बोल्ग्यो गावच्या बाजारात तिसऱ्या-शिंपले विकणारी ओकबुन तिच्या सुईसाठी नावाजलेली होती. कुणाचं पोट तुंबलं की माणसं आधी तिच्याकडे यायची, मग डॉक्टरकडे. ती पाठ चोळायची, दंडावरून खाली हात फिरवायची, अंगठा दोऱ्याने आवळायची आणि नखाच्या मुळाशी सुई टोचायची. काळं रक्त आलं की अडकलेलं सुटलं. तीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं ती सांगायची. तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण मलसुन दर दोन-चार दिवसांनी येऊ लागली.

"ताई, छातीत काहीतरी अडकलंय."

"काय गिळलंस? लहानपणापासून बकाबका खायची सवय तुझी."

"कालपासून काही खाल्लंच नाही गं."

"मग हवा अडकली असेल. आण अंगठा इकडे."

टोचून झालं की मलसुन म्हणायची, आता बरं वाटतंय. ओकबुनला तेवढं पुरायचं.

खरं तर डोळ्यांपुढे सगळं होतं. वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला बायका जमल्या, तेव्हा एरवी गाणी म्हणून सगळ्यांना हसवणारी मलसुन कोबीच्या ढिगापाशी नुसती बसून राहिली. "राणीसरकारांचे हात दुखतात वाटतं," म्हणून ओकबुनने तिला सगळ्यांसमोर टोमणा मारला. मलसुन हसलीसुद्धा नाही. पुढे तिने सासूच्या वेळचा सोया सॉसचा रांजण ओकबुनकडे आणून ठेवला. "मला चवच कळत नाही, तूच वापर." त्या रांजणावर ओकबुनचा वीस वर्षं डोळा होता. तिने तो आनंदाने ठेवून घेतला. या गोष्टीची तिला आजही लाज वाटते.

वसंतात शेजारणीने दार उघडून पाहिलं, तर मलसुन तीन दिवस थंडगार खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण तिला विचारू लागली, पण मलसुन बोलेना. उत्तरं ओकबुननेच दिली.

"झोप लागते का?"

"पहाटे तीनलाच जागी होते."

"जेवण?"

"घशाखाली उतरत नाही."

"पूर्वी आवडायचं त्यात मन रमतं?"

"गाणं सोडलंय."

"कधीपासून?"

ओकबुनने बोटांवर महिने मोजले. प्रत्येक उत्तर तिला पाठ होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच, आणि विचारायचं तर तिनेच होतं.

"हे नैराश्य आहे, आजी," डॉक्टरीण म्हणाली. "उपचार आहेत. लवकर आल्या असत्या तर एवढे हाल झाले नसते."

मलसुनला तिथेच ठेवून घेतलं. आठवड्याने ओकबुन भेटायला गेली. खाटेवरच्या मलसुनने तिला पाहिलं आणि सवयीने अंगठा पुढे केला. नखापाशी टोचल्याचे ठिपके अजून होते.

ओकबुनने तो अंगठा मुठीत धरला. "मलसुन, गेला हिवाळाभर रक्त लालच येत होतं. मी घाईघाईने पुसायचे आणि काळं आलं म्हणायचे."

"मला दिसायचं, ताई."

"मग का येत होतीस?"

"टोचायच्या आधी तू पाठ चोळायचीस ना," मलसुन म्हणाली.