जनावरात थांबलेलं शिसं

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. ऐंशी सालाच्या आसपास मी समुद्रपूर तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचा पोलीस पाटील सायकलवर आला. रानडुकराने मारला म्हणून एका माणसाला जाळायची घाई चालली आहे, पण जखम सुळ्याची दिसत नाही, असं त्याने हळूच सांगितलं.

प्रेत ताब्यात घेतलं. शवविच्छेदनात कळलं, गोळी छातीतून आरपार गेली होती. आदल्या दिवशी गावाने डुकरासाठी हाका घातला होता आणि मेलेला माणूस आरडाओरड करून जनावर बंदुकीपुढे हाकलणाऱ्या हाकेकऱ्यांत होता. बंदुका दोनच. एक मृताच्या साळ्याची भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक, पीक राखायच्या परवान्याची. दुसरी मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराकडे आलेल्या पाहुण्याची रायफल. पाहुणा म्हणाला, मी बार काढलाच नाही. गावानेही एकच आवाज ऐकला होता.

साळ्याला चौकशीला बसवलं. धाक दाखवायची वेळच आली नाही.

"डुक्कर माह्या गोळीनं पडला, अन् त्याच्याच मांगं भाऊजी पडले. मुंडी मीच घेतली, मंग हे पापबी माह्यंच. लिहून घ्या साहेब."

त्या भागात ज्याची गोळी जनावराच्या अंगात सापडते, मुंडी त्याची. बाहेर डुकराचं नाव सांगितलं, तरी गावाने त्याच न्यायाने माणूसही त्याच्या नावावर टाकला होता आणि त्याला स्वतःला ते पटलं होतं. त्याची बहीण, म्हणजे मेलेल्याची बायको, ठाण्याच्या ओट्यावर पाठ फिरवून बसली होती. भावाचं तोंड पाहणार नाही म्हणत होती.

जमादार खूश. मला मात्र चैन पडेना. मी उठत होतो, बसत होतो. भरमारीत घरी ओतलेली शिशाची गोळी असते. मऊ शिसं हाडावर आपटलं की पसरतं आणि जनावरातच अडकतं, म्हणून तर जनावर जागेवर पडतं. रायफलीच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. टोक उघडं ठेवलेली गोळी आत फुलते, पूर्ण कवचाची सरळ निघून जाते. आमच्या सरकारी रायफलीची तशीच. चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाच्या, मातीतून ती जशीच्या तशी निघायची.

मी साळ्याच्या घरी गेलो. डुकराच्या मानेच्या हाडातून काढलेलं शिसं त्याच्या बायकोने पुन्हा ओतायला कोनाड्यात ठेवलं होतं. चपटं, रुपयाएवढं. त्याने बार एकच काढला होता आणि तो डुकरातच थांबला होता. मग माणसातून गेलं काय?

डुक्कर कापणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पोटातून एक बारीक भोक आरपार होतं, पण आत गोळी नव्हती म्हणून कोणी हक्क सांगितला नाही. हाकेकरी जिथे पडला त्याच्या मागच्या मोहाच्या खोडातून आम्ही पंचांसमोर गोळी काढली. तांब्याचं कवच, टोक शाबूत. ती समोर ठेवल्यावर पाहुण्याने बार काढल्याचं सांगितलं. दोघांचे बार एकदमच उडाले होते, म्हणून गावाला एकच आवाज आला.

खोटं बोलणारे नोकरीत शेकड्याने भेटले. त्यांचं काही वाटत नाही. खरं समजून स्वतःच्या गळ्यात फास अडकवणारा हा एकच, आणि त्याची भीती मला अजून वाटते. तेव्हापासून कबुली मिळाली म्हणून माझा जीव कधी भांड्यात पडला नाही.

साळ्याला सांगितलं तेव्हा तो ओट्यावरच्या बहिणीकडे बघत एवढंच म्हणाला, "बाईले तुमीच सांगा. माह्या तोंडून तिले पटनार नाई."

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. ती ठाण्याच्या दाराकडे तोंड करून बसली.

"साहेब," ती म्हणाली, "तेरवीले माह्या अंगावर भावानं आणलेलं लुगडं लागते. त्याले सोडा."