तीन सेल आणि चाचांची वही

आधी भोरच्या चाचांचं सांगते, मग माझं. चाचा म्हणजे आमच्या ह्यांचे उस्ताद. ह्यांना लोखंड कातायच्या लेथपुढं पहिल्यांदा उभं केलं ते चाचांनी, आणि ह्यांच्या माघारी मला उभं केलं तेही त्यांनीच. ते आले नसते तर आज मी हे लिहायला ह्यांच्या गावात, कामथडीत नसते.

घरामागं आमची पत्र्याची शेड. तिथं हातानं चालवायच्या जुन्या लेथशेजारी ह्यांनी कॉम्प्युटरचा लेथ आणून बसवला, पुण्यातल्या एका कारखान्यानं काढून टाकलेला. चाचा बघायला आले आणि पडद्यासमोरून हलेनातच. मग दोनशेपानी वही मागितली आणि मशीनच्या पोटात साठवलेले आकडे उतरवून घ्यायला बसले. कोणता स्क्रू किती फिरतो, हत्यार कुठवर जाऊन थांबायचं, असले शेकडो आकडे. तीन दिवस लागले. हे हसायचे.

"चाचा, मशीनला पाठ हायत की समदे!"

"तुला बी मापं पाठ व्हती," चाचा मान वर न करता म्हणाले, "एका थपडीत इसरायचास."

मी जतच्या पलीकडची. सहावीत शाळा सुटली, लग्न होऊन इतक्या लांब आले. शेडमध्ये माझं काम एवढंच: जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं आणि निघालेला बुश, जाड नळीसारखा तुकडा, पुसून ठेवायचा. रोज सकाळी हे पहिला बुश मापायचे आणि मशीनला थोडी थोडी दुरुस्ती द्यायचे. हत्यार झिजतं, जुनं मशीन एका अंगाला ओढतं, ते सगळं ह्यांच्या बोटांना ठाऊक. मी विचारायचे, "काय घातलं आता?"

"तुला काय करायचंय? मी हाय की."

सातारा रस्ता ओलांडताना ट्रकनं ह्यांना उडवलं. मी शेडमध्येच होते. हिरवं बटण दाबलं होतं, जॉब निघायचा होता.

सुतक म्हणून दिरांनी शेडचा मेन स्विच पाडला. तेरावा झाल्यावर मी तो वर केला, तर पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लुकलुकत होती. ह्यांनी एकदा सांगितलेलं आठवलं: ती खूण आली की मागच्या डबीतले सेल बदलायचे, टॉर्चचेच असतात. मी नसरापूरहून तीन नवे सेल आणले. लहानपणापासून ऐकलेलं, विजेच्या वस्तूला हात लावायचा तर आधी बटण बंद कर. म्हणून मेन स्विच पाडला, दोनदा खात्री केली आणि जुने सेल काढून नवे घातले.

मशीन चालू असतानाच ते सेल बदलायचे असतात, हे मला कुठून माहीत असणार? बंद मशीनची सगळी आठवण त्या तीन सेलांवर असते. परत चालू केलं तर पडदाभर चुकांची यादी, आणि आकड्यांच्या जागी नुसती शून्यं. माणूस गेला तेव्हा मी काही केलं नव्हतं. हे मात्र माझ्या हातानं झालं होतं.

दीर म्हणाले, "वैनी, ह्याला भंगारवाला बगू. तुमाला गाडी करून म्हायेरला पोचवतो." तसे वाईट नव्हते. पण माहेरी भावाच्या संसारात मी कुठं मावणार होते? मशीन चाललं तर मी ह्या घरात, नाहीतर नाही.

रात्री मी चाचांना फोन करून सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते उतरले. काखेत वही.

दीर म्हणाले, "चाचा, हे काय शिवणाचं मशीन हाय व्हय, बायकांनी चालवाय?"

"न्हाई. पर तू तरी दोन वर्सांत कुठं शिकलास? हिनं निदान बटनाला हात तरी लावलाय."

चार दिवस ते स्टुलावर बसून वाचायचे आणि मी एका बोटानं दाबायचे. "शून्य, शून्य, एक, शून्य. आता तू म्हण." मी म्हणायचे. मगच पुढचा आकडा. तिसऱ्या दिवशी एका पानाशी ते थांबले. चष्मा काढला, पुसला, वही माझ्यापुढं सरकवली.

"हे पान तू वाच, पोरी."

ते अर्धं पान ह्यांच्या हातचं होतं. चाचांचे डोळे दुखले असतील, तेव्हा ह्यांनी लिहून दिलं असेल. साताच्या पोटात ह्यांची ती नेहमीची आडवी रेघ. मी वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीवर अडकले. चाचा दाराकडं तोंड करून बसले. तिकडं बघतच म्हणाले, "सावकाश. मशीन कुठं पळून चाललंय?"

पाचव्या दिवशी मशीन हललं. पण वहीत होते ते मशीन आलं त्या दिवसाचे आकडे. त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी ह्यांनी दिलेली दुरुस्ती कुठंच लिहिलेली नव्हती. ती गेली ती गेलीच. चाचांनी पतंगाचा कागद काढला. जॉब आणि हत्याराच्या मध्ये तो धरायचा, हत्यार केसाकेसानं पुढं घ्यायचं. कागद अडला की टेकलं. एकेक हत्यार मी असं नव्यानं टेकवलं. पहिला बुश तिरका निघाला, चौथा मापात आला. ह्यांनी काय घातलं असतं, ते मला आजही माहीत नाही. मी घालते ते माझं.

"चाचा, आता बटन तुमी दाबा," मी म्हटलं.

"न्हाई. मशीन तुझं. तूच दाब." आणि हात मागं बांधून उभे राहिले. एवढे आकडे उतरवणाऱ्या माणसानं ते मशीन एकदाही स्वतः चालवलं नव्हतं.

आता चाचांना दिसत नाही. घराबाहेर पडत नाहीत. वही अजून माझ्याकडंच आहे, आणि मी आजही चालू मशीनमध्ये सेल बदलताना घामेजते. एक दिवस टेम्पोत गादी टाकून मी त्यांना भोरहून आणणार आहे. जॉब मी लावीन, दार मी ओढीन. मग त्यांचं बोट धरून हिरव्या बटणावर ठेवीन, आणि ते नको म्हणाले तरी सोडणार नाही.