संग्रहालयातली उपडी पातेली

भुताखेतांची पुस्तकं मी वाचनालयात कथाविभागात लावत आलो. त्यापलीकडे त्यांच्याशी माझा संबंध नव्हता. आजही मी असलं काही मानतो असं नाही... पण झालं ते लिहितो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका सरकारी संग्रहालयात प्रमिला नावाच्या तरुण मुलीने अनुदानातून एक कलाकृती मांडली होती. मोडीच्या दुकानांतून जमवलेली जुनी पितळी पातेली, छताला उपडी टांगलेली. बघणाऱ्याने खाली उभं राहून डोकं आत घालायचं — बस्स. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं : जनतेच्या पैशाने भंगार टांगण्यापेक्षा शाळांना पुस्तकं द्या. पत्र गाजलं. पातेली उतरवायची का, हे ठरवायला समिती बसली आणि मलाही दुपारी तीनला बोलावणं आलं.

अडीचलाच पोहोचलो. तोवर मी ती पातेली पाहिलीच नव्हती.

"पत्रवाले काका तुम्हीच ना?" प्रमिला म्हणाली. "लिहिण्याआधी कधी आला होतात?"

"नाही."

"मग आता तरी डोकं घाला."

"जपून हं साहेब," शिपाई हसला, "अडकलं तर सरकारजमा होईल!"

इथे एक सांगायला हवं. माझी पत्नी सुमन आदल्या वर्षी गेली. ती अंथरुणावर असताना तिच्या माहेरचं पितळी पातेलं मी तिला न विचारता मोडीत देऊन स्टीलची भांडी आणली होती. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, कल्हईला दिलंय. मग ती रोज विचारायची. शेवटपर्यंत.

मी डोकं आत घातलं. पितळेचा वास आला. आणि अगदी कानाशी, सुमनचा आवाज —

"अहो, आलं का हो कल्हई होऊन?"

"उद्या आणतो," मी मोठ्याने म्हणून गेलो.

बाहेर येऊन मी प्रमिलाला विचारलं, "आत टेप लावलाय का?"

"टेपला पैसे कुठले, काका? का? काही ऐकलंत?"

"छे."

पातेल्यावर कोरलेलं नाव वाचलं. मालेगावच्या कुणा बाईचं होतं. सुमनच्या माहेरचं ते नव्हतंच. पुन्हा डोकं घातलं... फक्त माझाच श्वास.

तीन वाजता अध्यक्षांनी विचारलं, "आता पाहिलंत. मत बदललं का?"

प्रमिला दाराशी उभी होती. समितीतले दोघे तिच्या बाजूचे होते. 'राहू द्या थोडे दिवस' एवढं मी म्हटलं असतं, तरी पातेली राहिली असती. पण वाचनालयातल्या माणसाने कारण काय द्यायचं?

"मत तेच आहे," मी म्हणालो.

शिपाई शिडीवर चढून दोऱ्या कापू लागला. प्रमिला खाली उभी राहून एकेक पातेलं दोन्ही हातांनी झेलत होती, आपटू नये म्हणून. मी निघालो तशी ती दारापर्यंत आली.

"काका, खरंच काही ऐकू आलं नाही?"

मी चपला घालत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाही."

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. खूप शोधलं, वाचलं, सोडून दिलं. शिपाई नंतर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, ती पोरगी येईल त्या प्रत्येकाला हेच विचारायची, 'आत काही ऐकू आलं का?' तिला फक्त एक माणूस हवा होता, हो म्हणणारा.