गयाआत्याचं अर्धं धपाटं

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात आमची पलटण सिकंदराबादला होती. सकाळी पीटी, मग ड्रिल, दुपारी वेपन क्लीनिंग, संध्याकाळी व्हॉलीबॉल. मी लान्स नाईक, कंपनीच्या वायरलेस सेटवर. माझी रजा मंजूर झाली होती. पेटी भरून तयार होती आणि सगळ्यात वर आत्यासाठी घेतलेलं नारायणपेठी लुगडं ठेवलं होतं. तेवढ्यात हुकूम आला. सगळ्या रजा रद्द. पलटण उत्तरेला निघणार. कुठं, ते विचारायचं नाही. घरी कळवायचं नाही.

आता तुम्हाला वाटेल, पोरं घाबरली असतील. अजिबात नाही! अंगात नुसतं वारं भरलं होतं. पोरं गाणी म्हणत गाड्या वॅगनवर चढवत होती. इतकी वर्षं ज्याची तालीम केली, ते आता खरोखर करायचं होतं. मला एकच गोष्ट डाचत होती. आत्याला न भेटताच चाललो होतो.

गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव अंबड तालुक्यात. मी पहिलीत असताना आई गेली. तेरावं उरकल्यावर आत्यानं वडिलांना सांगितलं, "ह्याला मी नेते. तू शेत बघ." आणि मला जालन्याला घेऊन आली. तिचे मालक, म्हणजे माझे मामा, रेल्वेत गँगमन होते. ते वारल्यावर तिनं स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत खानावळ काढली. खानावळ आपली नावाला. दवाखान्यात आलेला, कोर्टाला आलेला, कॉलेजात शिकणारा, गावाकडचा कुणीही दारावरून चालला की आतून आवाज यायचा, "जेवलास का?" तो "हो" म्हणाला तरी ती एकदा त्याच्या तोंडाकडं बघायची आणि ताट वाढायला घ्यायची.

तिचे धपाटे म्हणजे काय सांगू राव! ज्वारी, गहू, हरभऱ्याचं पीठ, लसूण, मिरची, तीळ. धपाटं ओल्या फडक्यावर थापतात आणि तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवतात. आत्याचं फडकं म्हणजे मामांच्या जुन्या धोतराचा तुकडा. त्या धोतराच्या जाड काठाची रेघ प्रत्येक धपाट्याच्या कडेला उमटायची. दुसऱ्या कुणाच्या धपाट्यावर तशी रेघ मी पाहिली नाही.

मी भरतीला गेलो तेव्हा वजन किलोभर कमी भरलं. हवालदार म्हणाला, दुपारी परत ये. आत्या मैदानाबाहेर बसलीच होती. केळी आणि पाणी, पाणी आणि केळी, असा मारा सुरू केला तिनं. शेजारी एक अनोळखी पोरगं रडवेलं होऊन बसलं होतं. त्याचंही वजन कमी. आत्यानं त्यालाही तेवढीच केळी दिली. मी म्हणालो, "आत्या, त्यो मपला कुणी न्हाई, अन् जागा थोड्या हायेत." तिनं माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली. "त्याचं पोट काय वायलं हाय का?" दोघंही पास झालो. काट्यावर उभा राहिलो तेव्हा पोटातलं पाणी हिंदकळत होतं.

तर आमची मिलिटरी स्पेशल निघाली. विकाराबाद, परळी, परभणी. शेवटच्या उघड्या वॅगनवर आमच्या गाड्या बांधलेल्या आणि तिथं माझी संत्री म्हणून पहाऱ्याची ड्युटी. गार्ड कमांडर होते नाईक दगडू माने. सांगलीकडचे, आडव्या अंगाचे, मिशा झुबकेदार, आवाज असा की वायरलेस नसला तरी चालावं. रिक्रूट असताना त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो.

परतूर मागं गेलं आणि माझी चुळबुळ सुरू झाली. आमचा जिल्हा! काळी रानं, बांधावरच्या बाभळी, सगळं ओळखीचं. हॉल्ट जालन्याला नव्हता. गाडी आत्याच्या खानावळीच्या पाठीमागून धडधडत जाणार आणि मी वॅगनवर उभा राहून तिचं पत्र्याचं छप्पर बघणार, एवढंच नशिबात होतं.

"उस्ताद, जालना यायलंय."

"ठावं हाय. परभणीपास्नं तेवढंच सांगायलायस."

आणि काय झालं माहितेय? गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. ब्रेक कचकचले आणि थांबली की! त्या वेळी सिंगल लाईन. समोरून पॅसेंजर येत होती, तिला वाट द्यायची होती. माझं काळीज धाडधाड उडायला लागलं. पण आमची वॅगन राहिली प्लॅटफॉर्मच्या कितीतरी मागं, खडीवर. आणि मी ड्युटीवर. पोस्ट सोडायची नाही म्हणजे नाही.

माने नाईक चहा बघायला पुढं गेले. परत आले ते जवळजवळ पळतच. हातात कागदाची पुडी.

"लेका, काय माणसं रं तुमच्याकडची! एक म्हातारी टोपली घिऊन डब्याडब्यानं फिरतीया. पैसं घीना. नाव इचारीना. नुस्तं म्हंतीया, जेवलास का? एकच गावलं. धर, तुला आणलंय."

मी पुडी उघडली. धपाटं. कडेला काठाची रेघ.

"उस्ताद! ही माझी आत्या हाय!"

"गप रं."

"आईशप्पथ! ही रेघ बघा. मामाच्या धोतराची हाय."

त्यांनी धपाट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, लांबच्या लाल सिग्नलकडं बघितलं.

"रायफल हिकडं दे."

"पण पोस्ट..."

"पोस्टवर गार्ड कमांडर हुबा हाय. तू पळ. इंजिनाची शिट्टी झाली की म्हागारी."

धपाटं त्यांच्या हातात कोंबलं आणि सुटलो. बुटाखाली खडी उडत होती. खिडक्यांतून पोरं लोंबकळत ओरडत होती. आमचा कंपनी हवालदार मेजर दारातून गरजला, "कहां आग लगी है?" मी पळतच ओरडलो, "आत्या!" अख्खा डबा हसला. हसू द्या! मला त्या दिवशी कुणी थांबवलं असतं, तर मी त्याला उडवूनच गेलो असतो.

ती पाण्याच्या नळाजवळ होती, पाठमोरी. हिरवं लुगडं, कमरेवर टोपली.

"आत्या!"

ती वळली आणि सवयीनं म्हणाली, "जेवलास का?" मग तिनं मला ओळखलं. टोपली खाली पडली. दोन्ही हातांत माझं तोंड धरलं.

"आरं माझ्या राजा! तू बी ह्याच गाडीत? अन् मला सांगितलं न्हाई?"

"हुकूम न्हव्हता."

"मोठा आला हुकूमवाला!" ती रडत होती आणि हसत होती, आणि माझंही तेच चाललं होतं.

माझ्यासाठी ती आलीच नव्हती, बघा. फौजी गाड्या जायल्यात असं स्टेशनच्या हमालानं तिला सांगितलं होतं, तेव्हापासून ती रोज टोपली भरून यायची. एखादी गाडी थांबायची, बाकीच्या धूळ उडवत जायच्या. मी विचारलं, "आत्या, कुणाला म्हणून आलीस?" ती म्हणाली, "कुणाचं न् कुणाचं लेकरू तर असंलच की."

टोपली रिकामी होती. तिनं तळाचा कागद उचलून पुन्हा बघितलं. मग एकदम थबकली. गँगमनची बायको ती, ड्युटीची जागा सोडायची नसते हे तिला पक्कं ठाऊक.

"तू असा पळत आल्तास, तर तुझ्या जाग्यावर कोन हाय?"

"आमचे माने नाईक उभे राह्यले."

"त्यान्ला धपाटं भेटलं का?"

"एक हाय त्यांच्यापाशी. माझ्यासाठी आणल्तं."

"मंग ते त्यान्चं. तू हात लावू नको. तुझ्या जाग्यावर उन्हात उभे हायेत ते. तुला घरी आल्यावर करून घालते. अन् येताना त्यान्ला संगं घिऊन ये. बराबर घिऊन ये, समजलं?"

शिट्टी झाली. मी पाया पडलो आणि पळालो. तर ही बाई माझ्याबरोबर पळायला लागली! साठीची बाई, लुगडं खोचून, हातात टोपली, आणि मलाच म्हणते, "जल्दी! जल्दी चल!" प्लॅटफॉर्म संपला तिथं ती थांबली. मी वॅगनवर चढलो आणि गाडी हलली. आमची वॅगन तिच्यासमोर आली तेव्हा माने नाईक सावधान झाले आणि रायफलनं तिला कडक सलामी दिली. कर्नलसाहेबाला देतात तशी. आत्यानं रिकामी टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. नजरेआड होईपर्यंत ती टोपली दिसत होती.

लुगडं पेटीतच राहिलं, हे औरंगाबाद गेल्यावर आठवलं.

ड्युटी बदलल्यावर माने नाईकांनी पुडी काढली. मी आत्याचा हुकूम सांगितला. ते हसले. "आत्याची ऑर्डर बराबर हाय. पर हितं गार्ड कमांडर मी हाय." त्यांनी धपाटं मधोमध मोडलं. अर्धं मला दिलं.

"परत जाताना तुझ्या आत्याकडं चार दिस ऱ्हायचं बघ," ते म्हणाले. "पोटभर खायचं."

डोंगरावरचं फार सांगत नाही. आमची कंपनी एका धारेखाली लागली होती. माने नाईकांचं सेक्शन वरच्या पोस्टवर. मी खाली कंपनी हेडक्वार्टरला, सेटवर. सकाळी आठच्या सुमाराला त्यांचा आवाज आला.

"अल्फा टू. खाना कब तक? ओव्हर."

"पार्टी निघालीय. अर्धा तास. ओव्हर."

"धपाटं असंल तर पळत यायला सांग. ओव्हर."

मी हसलो आणि बटण दाबणार तेवढ्यात शेलिंग सुरू झालं. सहा-सात राउंड वरच्या बाजूला पडले. धूळ खाली बसली तेव्हा मी हाक दिली.

"अल्फा टू, अल्फा टू, रिपोर्ट. ओव्हर."

पुन्हा दिली. कंपनी कमांडर शेजारी उभे होते. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं, पण आवाज दुसऱ्याचा होता. पोस्ट आपल्याकडं होती. नाईक माने गेले होते.

दिवाळीच्या आधी रजा मिळाली. जालन्याला उतरलो आणि स्टेशनमागं गेलो. कुणाकडून तरी कळून आत्यानं सकाळपासून पीठ भिजवून ठेवलं होतं. अंगणात दोन पाट मांडले होते. ती माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली.

"एकलाच?"

मी सांगितलं. ती पाटावर बसली. मग म्हणाली, "त्यान्नं ते धपाटं खाल्लं व्हतं का?"

"अर्धं खाल्लं. अर्धं मला दिलं."

काय संतापली म्हणता! "मी तुला काय सांगितलं व्हतं? हात लावू नको म्हन्लं व्हतं का न्हाई? त्याचं व्हतं ते! तू कशाला खाल्लं?" माझ्या पाठीत दोन धपके घातले. मग त्याच पाठीवर डोकं टेकून हुंदके देऊन रडली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

नारायणपेठी लुगडं तिनं नेसलं नाही. मला घेऊन सांगलीकडं गेली आणि माने नाईकांच्या आईच्या अंगावर स्वतःच्या हातानं घातलं. त्या माउलीला तिनं पहिलं काय विचारलं, ते तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर मी केव्हाही घरी गेलो की पहिलं धपाटं ती मोडायची. अर्धं माझ्या ताटात. अर्धं घेऊन ती रस्त्यावर जायची आणि जो कुणी उभा असेल त्याला द्यायची. हमाल, होमगार्ड, रिक्षावाला. "माने नाइकाचं हाय," म्हणायची. लोकांनाही सवय झाली.

मी पेन्शनवर आलो आणि दोन वर्षांनी आत्यानं अंथरूण धरलं. जालन्याच्या दवाखान्यात होती. गिळवत नव्हतं. माझी बायको तिच्याच फडक्यावर धपाटं थापून घेऊन आली. मी दुधात कुस्करून भरवलं. दोन घास घेतले आणि तिनं उरलेल्या अर्ध्या धपाट्याकडं बोट केलं.

"ते देऊन ये."

गेटवर वॉचमन उभा होता, उन्हात. मी त्याच्या हातावर ठेवलं.

"कुणाच्या नावानं, साहेब?"

"नाईक दगडू माने."

परत येऊन सांगितलं, "दिलं, आत्या." तिनं डोळे मिटून मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तेराव्याला मी पुन्हा त्या गेटवर गेलो. वॉचमन तोच होता. त्यानं धपाटं घेतलं, कडेच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "त्याच साहेबांच्या नावानं का?"

मी सावधान उभा राहिलो. सवय जात नाही. दोन नावं सांगितली. आधी नाईक दगडू माने. मग गयाबाई. ते तिच्या आधी गेले, म्हणून सीनियर.