तीन बाटल्यांचा नमुना

"मॅडम, वाईनचं तुमच्याकडं," देवडे साहेब म्हणाले आणि फोन ठेवायला लागले.

माझ्या हातात चिमटा होता. समोर ओल्या कागदावर टोमॅटोचं शंभर बी मांडलेलं होतं आणि त्यातलं उगवलेलं मी मोजत होते. एकसष्टवर मोजणी चुकली.

"सर, कसली वाईन?"

"पुढच्या गुरुवारी इटलीचे पाहुणे येऊन राह्यले ना? ते लोक जेवणात पाण्यासारखी वाईन घेतात म्हणं. बराबर इंतजाम पायजे."

"पण सर, मी का?"

"तुम्ही बॉटनीच्या ना? मंग द्राक्षं तुमच्यातच येतात."

द्राक्षं बॉटनीत येतात हे खरं. त्या हिशोबाने अफूही येते. पण हे मालकाला सांगायचं नसतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबची मी इन्चार्ज होते. बियाण्याची पिशवी बाजारात जाण्याआधी त्यातलं किती उगवतं, ओलावा किती आहे, कचरा किती आहे हे तपासायचं आणि पास किंवा नापास लिहायचं, एवढं आमचं काम. एका शेतातून एका वेळी आलेल्या मालाला लॉट म्हणतात. लॉटला नंबर पडतो, नंबर पडला की नमुना काढतात आणि नमुना लॅबमध्ये येतो. नमुन्यावर फक्त नंबर असतो, कुणाचं नाव नसतं. म्हणजे वशिल्याचा प्रश्नच येत नाही. ही पद्धत मीच लिहून काढलेली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

साहेबांना मात्र लॅब डोळ्यांत खुपायची. त्यांच्याच पैशाने चालते आणि त्यांचाच माल नापास करते, हे त्यांना पटत नव्हतं. संक्रांतीनंतर त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "इटलीवाल्यांचा करार झाला तर लॅब ठिवू. न्हाई झाला तर खर्चा बंद. नमुने बाहेरून तपासून आणू." इटलीची ती कंपनी आमच्याकडून तीन वर्षं टोमॅटोचं संकरित बी करून घेणार होती. तपासणी करायला त्यांचे क्वालिटीचे मुख्य, मार्को साहेब, स्वतः येणार होते. माझं वय बेचाळीस, दोन मुलं शाळेत. जालन्यात दुसरी अशी नोकरी मला मिळणार नव्हती. मला भीती वाटत होती आणि भीतीच्या पोटी मी वाईनचा अभ्यास सुरू केला.

एक्स्पोर्ट डिपार्टमेंटमधून एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात नवशिक्यांसाठी चार पानं होती. ती मी परीक्षेसारखी पाठ केली. ग्लास एक तृतीयांशच भरायचा. देठाला धरून हळूच फिरवायचा, म्हणजे वास वर येतो. आधी वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा. जिभेला कच्च्या जांभळासारखं तुरट लागतं, त्याला टॅनिन म्हणतात. हे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, हे वाचल्यावर मला जरा धीर आला. बी म्हटलं की आपला प्रांत. घरी लिंबाच्या सरबतावर मी ग्लास फिरवायची प्रॅक्टिस केली. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साखर विरघळली असंल आता. पी."

मग खरेदी. जुन्या जालन्यात एका दुकानावर मोठी पाटी होती, वाईन शॉप. मी ऑफिस सुटल्यावर गेले. बाहेर उभे असलेले चार-पाच जण अदबीने बाजूला झाले. त्यांना वाटलं, मी नवऱ्याला शोधायला आलेय. एकाने तर, "आज न्हाई आले साहेब," असं सांगूनही टाकलं.

"वाईन आहे का?" मी काउंटरवर विचारलं.

"वाईन?" दुकानदार विचारात पडला. "वाईन न्हाई ठिवत आम्ही. मागणीच न्हाई."

"पाटीवर लिहिलंय की."

"पाटी सगळ्यांचीच तशी असती, ताई."

शेवटी कंपनीच्या ड्रायव्हरने औरंगाबादहून लाल वाईनच्या तीन बाटल्या आणल्या. आता त्या ठेवायच्या कुठे? मासिक सांगत होतं, लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी. पुढे बारीक अक्षरांत त्या खोलीचं तापमानही दिलं होतं, सोळा ते अठरा. एप्रिलमध्ये जालन्यातली खोली एकेचाळीसला असते. त्या हिशोबाने वाईन दिली असती तर पाहुण्यांना काढा प्यायल्याचं पुण्य लागलं असतं. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचं तर सासूबाईंचं विरजण तिथे. पण अख्ख्या गावात पंधरा-सोळा अंशांची एक खोली मला ठाऊक होती. आमचं बियाण्याचं कोल्ड स्टोअर. अंधार, गारवा, शांतता. मासिकातल्या फोटोतलं तळघरसुद्धा इतकं स्वच्छ नव्हतं.

कोल्ड स्टोअर शेषरावांच्या ताब्यात होतं. शेषराव भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे, शेतकरी घरातले. पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. आमच्याकडे येण्याआधी ते दुसऱ्या एका गोदामात होते. तिथे एकदा मालकाच्या घरचा माल म्हणून एक लॉट नमुन्याशिवाय आत घेतला गेला. ते बी नेमकं धावड्यालाच विकलं गेलं आणि निम्मं उगवलंच नाही. शेषरावांच्या सख्ख्या भावाचं शेत मोकळं पडलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. तेव्हापासून शेषराव नियमाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"शेषराव, हे आत ठेवा. आडवं ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा शिरत नाही," मी म्हणाले.

"लॉट नंबर?"

"अहो, लॉट कसला? बाटल्या आहेत."

"आत ठिवायचं तर नंबर लागतो, मॅडम. तुमचाच कागद हाय दारावर."

मला परभणीला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. गाडी हॉर्न देत होती. मी म्हणाले, "मग टाका नंबर," आणि निघाले.

परत आले तेव्हा टेबलावर चाळीस-पन्नास अहवाल सहीसाठी पडले होते. पाहुणे चार दिवसांवर आलेले. मी सह्या केल्या आणि ग्लास शोधायला बाहेर पडले. मस्तगडच्या भांड्यांच्या दुकानांत देठाचे वाईन ग्लास कुणी पाहिलेही नव्हते. आइस्क्रीमचे देठवाले ग्लास मिळाले, ते घेतले.

गुरुवारी सकाळी मार्को साहेब आले. साठीचे, बुटके, मोठ्या नाकाचे. लॅब बघताना ते फार बोलले नाहीत. जर्मिनेटर म्हणजे बी उगवायचं कपाट. ते उघडून त्यांनी वाकून आत बघितलं आणि "गुड" म्हणाले. दुपारी कंपनीच्या फार्मवर जेवण होतं. भरली वांगी, भाकरी, कोंबडीचा रस्सा, कांदा-काकडीची कोशिंबीर. सही चार वाजता. साहेब खुशीत होते. "मॅडमनी वाईनचा पूर्ण अभ्यास केला आहे," त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं.

"खरंच?" मार्को साहेब माझ्याकडे वळले. "माझे वडील वाईन करायचे. आमची छोटी बाग होती."

तेवढ्यात बाटल्या आल्या.

प्रत्येक बाटलीच्या तोंडावर लाखेचा लाल ठसा होता. गळ्यात सुतळी आणि सुतळीला कंपनीचा पांढरा टॅग. मार्को साहेबांनी कौतुकाने टॅग हातात घेतला. "लॉट नंबर! भारतात वाईनवर एवढा कंट्रोल असतो?"

काचेतून मला दिसत होतं की मूळ बूच बाटलीच्या आत तरंगतंय आणि तोंडाला आमच्या लॅबचं रबरी बूच आहे.

लाख फोडून त्यांनी वाईन ओतली, बरोबर एक तृतीयांश. आइस्क्रीमचा ग्लास देठाला धरून फिरवला. नाक आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. मग एक थेंब जिभेवर घेतला.

"व्हिनेगर," ते शांतपणे म्हणाले. "ही बाटली कुणीतरी आठवड्यापूर्वी उघडली आहे." दुसरी उघडली. तीही तशीच. तिसरीही.

साहेबांचा चेहरा वाईनसारखा झाला. "शेषरावला बोलवा. जल्दी!"

बाटल्यांबरोबर फार्मवर आलेले शेषराव काखेत रजिस्टर घेऊनच आत आले.

"बाटल्या कुणी फोडल्या?"

"फोडल्या न्हाई साहेब. नमुना काढला. मॅडमनी नंबर टाकायला सांगितलं व्हतं. नंबर पडला की नमुना."

"अन् तिन्ही? एक पुरत न्हवती?"

"पाचाच्या आत नग असले तर हरेक नगातून काढायचा. दारावर लिवलंय. बूच निघंना, म्हणून पोत्यात खुपसायच्या नळीनं आत ढकललं."

"पिला का तू?"

शेषराव दुखावले. "नमुना कधी पेतात का साहेब?"

मार्को साहेबांनी मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागितलं. रजिस्टरच्या त्या पानाला आमच्या लॅबचा अहवाल टाचलेला होता. "वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचलं. "शुद्ध बीज: आढळले नाही. ओलावा: मर्यादेच्या कितीतरी बाहेर. उगवण: शून्य. शेरा: लॉट नापास, पेरणीस अयोग्य." लॅबमधल्या मुलींनी नमुना ओव्हनमध्ये सुकवून, कागदावर मांडून सगळं रीतसर केलं होतं. नंबराबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मार्को साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. साहेबही हसायला लागले. मीही हसले. मग मार्को साहेबांनी अहवालाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही सही कुणाची?"

हसणं थांबलं. सही माझी होती.

"तुम्ही हे वाचून सही केली?"

टेबलाखाली साहेबांचा बूट माझ्या पायावर आला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मॅडम, काहीतरी मारा थाप, चेष्टा होती म्हणा. आणि थाप जमली असती. पण समोर शेषराव उभे होते, कानावर पेन्सिल घेऊन, माझं उत्तर ऐकायला. मला लाज वाटली.

"नाही," मी म्हणाले. "पन्नास अहवाल होते. मी न वाचता सही केली."

मार्को साहेब उठले. "मला स्टोअर बघायचं आहे. आता."

उन्हातून आम्ही कंपनीत परत आलो. कोल्ड स्टोअरमध्ये त्यांनी स्वतः बोट दाखवून सहा लॉट काढायला लावले. शेषरावांनी प्रत्येकाचा टॅग, रजिस्टर आणि नमुन्याची पिशवी समोर ठेवली. सहाही जुळले. चौथा लॉट नापास होता. रजिस्टरप्रमाणे तो साहेबांच्या स्वतःच्या शेतातला होता.

"मालकाचा?" मार्को साहेबांनी विचारलं.

"नमुन्यावर नाव नसतं," शेषराव म्हणाले. मी भाषांतर केलं.

"आणि हा अहवाल तुम्ही वाचला होता?"

"हा वाचला होता. पाच वेळा," मी म्हणाले. ते खरं होतं. नापास लॉट कुणाचा ते सहीच्या वेळी रजिस्टरमधून कळतं, आणि तो मालकाचा निघाला की पाच वेळा वाचलं जातंच.

जेवण अर्धंच राहिलं होतं. फार्मवर परत येऊन टेबलावर बसल्यावर मार्को साहेबांनी आमची नापास वाईन उचलली आणि चमचाभर कोशिंबिरीवर ओतली. मीठ टाकून कालवली आणि सगळ्यांना वाढली. "वाईन समजून घ्यायची पहिली गोष्ट," ते म्हणाले, "ती वाईट झाली हे आधी कबूल करायचं. मग तिचं काय करता येईल ते बघायचं." कोशिंबीर खरंच झकास झाली होती. साहेबांनी दोनदा घेतली. शेषरावांनी आधी वास घेतला, मग काकडीचा एकच काप खाल्ला.

चार वाजता करार टेबलावर आला. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. मार्को साहेबांनी त्यात हाताने एक ओळ वाढवली: प्रत्येक अहवालावर दोन सह्या, पहिली नमुना काढणाऱ्याची. त्यांनी सही केली आणि कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, शेवटचं पान उघडलं.

"साहेब," साक्षीदार म्हणून उभे असलेले शेषराव म्हणाले, "वाचून घ्या आधी."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. साहेबांचं इंग्रजी कामापुरतं. अडेल तिथे मी सांगत होते. सहाव्या पानाला मार्को साहेबांना खुर्चीत झोप लागली. साडेपाचला सही झाली.

लॅब राहिली. पहिल्याच हंगामात त्या कराराचे दोन लॉट नापास निघाले. अहवालावर पहिली सही शेषरावांची होती, दुसरी माझी. साहेब तणतणले, पण मालाला हात लावला नाही.

सही करण्याआधी वाचावं, हे मी नोकरीभर हाताखालच्यांना सांगत आले. मला स्वतःला ते कळायला औरंगाबादच्या तीन बाटल्या लागल्या.