ज्याने मारलं, त्यानेच चोळायचं

वासुदेव नाना पाटील यांची आणि माझी पहिली भेट फैजपुरातल्या एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये झाली. माझं शाळकरी वय. सोबत वेल्डिंगचं दुकान बंद करून आलेले अब्बा. शेडच्या एका बाजूला क्रेट रचलेले, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर कराटेच्या पांढऱ्या कपड्यांतली मुलं. नानांनी पोट पुढे केलं आणि म्हणाले, मार. मी अदबीने मारलं. नाना त्यांच्या धुळ्याकडच्या अहिराणीत कडाडले, "सईदा, हाई मारनं शे का हात फिरावनं?" अब्बा मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवसापासून मी नानांची शिष्या झाले.

नाना फैजपूरच्या शाळेत खेळशिक्षक म्हणून आले, ते ही फुल कॉन्टॅक्ट कराटेची पद्धत सोबत घेऊनच. तिची कथा ते नव्या मुलांना आजही रंगवून सांगतात. जपानात एका गुरूंनी डोंगरात एकटं राहून सराव केला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायचा रिवाज होता. यांना ते पटेना. म्हणून हातमोजे न घालता, तोंडावर ठोसा न मारता, पण पूर्ण ताकदीने लढायचं, आणि लढतीच्या आधी व नंतर एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, असं त्यांनी ठरवलं. नाना त्याचा अर्थ एवढाच सांगतात, "लागनं नही तं समजी कसं?" त्यांच्या लेखी हात राखणं म्हणजे समोरच्याला कच्चं लिंबू समजणं. मुलींनाही त्यांनी कधी कच्चं लिंबू केलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

या शिस्तीत नानांनी स्वतःचा एक नियम घातला. ज्याने मारलं, त्यानेच चोळायचं. लढत संपली की तेलाची बाटली मारणाऱ्याच्या हातात. रावेरच्या स्पर्धेआधी सराव करताना नानांच्याच लाथेने माझा दंड काळानिळा झाला. संध्याकाळी नाना बाटली घेऊन आमच्या घरी हजर! अम्मीने त्यांना दारातच झापलं. नाना मान खाली घालून ऐकत राहिले आणि दंड चोळत राहिले. शेवटी अम्मीनेच चहा टाकला.

आज जळगावात माझा स्वतःचा क्लास आहे. नानांच्या अमृतमहोत्सवासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, काय लिहू? म्हणाले, "काहीबी लिख, पन हात राखू नको."

तर नाना, घ्या.

तुमचा उजवा गुडघा गेला आहे. क्लासच्या सुरुवातीला गुडघे टेकून नमस्काराला बसता येत नाही, म्हणून तुम्ही शेडचा खांब धरून उभ्यानेच वाकता आणि हीच नवी पद्धत आहे असं मुलांना खुशाल सांगता. ऑपरेशन लांबवलं तर चालणंच बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तुमचं एकच पालुपद, "मी खाटलावर पडनू तं या पोरेस्नं काय व्हई?" नाना, मला याचा राग येतो. इतकी वर्षं पूर्ण ताकदीने मारून तुम्ही आम्हाला उभं केलंत, आणि आता आम्हीच कच्चं लिंबू? तुमचा क्लास आम्ही जुने विद्यार्थी वाटून घेऊ. सत्काराची शाल अंगावर असतानाच दवाखान्यात चला.

तुम्हाला शंभर वर्षं लाभोत, आणि ती खांब न धरता लाभोत. हे लिहिलेलं तुम्हाला लागेल. लागावंच. टाके सुकले की तेलाची बाटली घेऊन मी दारात उभी राहीन. मारलंय मी, चोळायलाही मीच येणार.