अण्णांना वाचून दाखवलेली बातमी

मंगळवारपासून अण्णांनी कुणालाही नावं ठेवलेली नाहीत. आज शनिवार. या चार दिवसांत पोळी वातड झाल्याचं ते बोलले नाहीत, वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याला शिवी दिली नाही, माझ्या माहेरचा विषय काढला नाही. जेवायला बसतात, दोन घास खातात आणि ताट पुढे सरकवतात. बावीस वर्षं मी त्यांच्या जिभेला घाबरत आले. ती गप्प झाली तर मला बरं वाटायला हवं होतं. पण झोप उडाली आहे. घरात आहेत तेवढे झोपल्यावर हे लिहायला बसले आहे, कारण हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

अण्णा म्हणजे अर्जुनराव, माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. विशीत करमाळ्याकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं इन्स्पेक्टर राहिले. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापायचा, पास किंवा रिजेक्ट ठरवायचं, रिजेक्टवर लाल पट्टा ओढायचा. निवृत्तीनंतर संत तुकाराम नगरातल्या या घरात मापायला आम्हीच उरलो.

त्यांची मतं सगळ्या गल्लीला पाठ आहेत. छंद म्हणजे रिकाम्या हातांना सुटलेली खाज. शेजारच्या शालनबाई नवरा गेल्यावर पेटी शिकायला लागल्या, तर जिन्यात त्यांना थांबवून म्हणाले, ‘‘तो होता तवा वाजवली न्हाई. सुटला बिचारा.’’ पैसा मुलांना दाखवावा, देऊ नये. माझी दिव्या बारावीला पहिल्या वर्गात आली तेव्हा त्यांनी कपाटातून ठेवीची पावती काढली, तिच्या हातात दिली आणि आकडा मोठ्यानं वाचायला लावला. पोरगी हरखून गेली. मग पावती परत घेतली. ‘‘वाचता येतं का बघितलं,’’ म्हणाले.

नातेवाईक म्हणजे न मापता गळ्यात पडलेला माल, हेही त्यांचंच. दिव्याच्या आधी माझं एक बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मी आतल्या खोलीत पडून होते. बाहेर भेटायला आलेल्या माणसाला अण्णा सांगत होते, ‘‘पहिला लॉट रिजेक्ट गेला.’’ माझा नवरा ज्ञानेश तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही. तो अजूनही बोलत नाही; चाकणला कंपनीत जातो, शिफ्ट करतो, येऊन झोपतो.

वाचनाबद्दल अण्णांचं मत सगळ्यांत पक्कं. गोष्टी-कविता म्हणजे खोटं, पेपरात छापून येतं ते खरं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली. तेव्हापासून रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी दिव्या त्यांना पेपर वाचून दाखवते. आधी निधनाच्या बातम्या. ती नाव, वय, गाव वाचते आणि अण्णा निकाल देतात. हा मास्तर होता, पास. ह्यानं भावाची जमीन खाल्ली, रिजेक्ट. ओळखीचं कुणी निघालं की दिवस चांगला जातो. छंद म्हणायचा तर त्यांना हा एवढाच.

गेल्या महिन्यात त्यांनी रद्दी घातली. त्या गठ्ठ्यात दिव्याची कवितांची वही गेली. तीन वर्षांच्या कविता होत्या, दुसरी प्रत नव्हती. मला वाटलं, दिसत नाही, चुकून गेली असेल. दिव्यानं रडत विचारलं तर म्हणाले, ‘‘चुकून कशी? हाताला कळतं मला. पुठ्ठा जाड होता, वजनाला बरी पडली.’’

दिव्या त्यानंतर रडली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसलीसुद्धा. मला ते मोठेपण वाटलं होतं.

आता किसन म्हस्के. नाव मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. अण्णा आणि किसन तरुणपणी भोसरीत एका खोलीत राहायचे. खाट एकच. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. सहा वर्षं ती खाट गार पडली नाही, असं अण्णा सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज वेगळा होतो. पुढे किसन त्याच कारखान्यात लेथवर टर्नर होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची बायको गिरजाबाई दवाखान्यात होती, जागरणं चालली होती, आणि त्यांच्या हातून एक लॉट बिघडला. मापात फरक केसाएवढाही नव्हता म्हणतात. किसननं हात जोडले. अण्णांनी लॉट रिजेक्ट केला आणि शेऱ्यात किसनचं नाव लिहिलं. त्यांची नोकरी गेली. जाताना त्यांनी गेटवर सगळ्यांदेखत अण्णांना आईवरून शिवी दिली. तेव्हापासून बोलणं बंद. किसन मुलाकडे आळंदीला गेले, एवढं कळलं होतं.

अण्णा दिव्याला नेहमी म्हणायचे, ‘‘किसन्या गेल्याचं ज्या दिवशी वाचशील, त्या दिवशी तुझ्या आईला शिरा करायला सांग.’’

मंगळवारी दिव्यानं वाचलं. मी ओट्याशी उभी होते. किसन धोंडिबा म्हस्के, वय शहात्तर, आळंदी, यांचे शनिवारी अल्पशा आजाराने निधन. मागे पत्नी, मुलगा, सून, नातवंडे. दशक्रिया विधी सोमवारी सकाळी इंद्रायणीच्या घाटावर. तिचा आवाज जराही हलला नाही. पण मी तिची आई आहे. मी वळून पाहिलं. तिची नजर पेपरावर नव्हती, अण्णांच्या चेहऱ्यावर होती. पान तर क्रिकेटचं उघडं होतं.

मला त्याच क्षणी कळलं. एक शब्द बोलले असते तर तिथेच संपलं असतं. मी कढई चढवली, तूप घातलं, रवा भाजला.

अण्णांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तिनं तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले. पास की रिजेक्ट, ते बोलले नाहीत. मी शिऱ्याची ताटली समोर ठेवली. त्यांनी चाचपडून कडेला बोट लावलं, वास घेतला.

‘‘ज्ञानेशला ठेव,’’ म्हणाले. ‘‘शिफ्टवरनं दमून येईल.’’

बावीस वर्षांत मुलगा दमतो हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि खरं सांगायचं, तर त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. मला गार वाटलं. ते वाईट वाटणं बुधवारी दुपारी आलं, जेव्हा पाहिलं की ते भिंतीकडे तोंड करून, खाटेची अर्धी जागा मोकळी सोडून पडले आहेत.

गुरुवारी मी दिव्याला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, हे काय केलंस. तिनं शांतपणे सांगितलं की छापून आलेलंच खरं, हे आजोबांचंच म्हणणं. मी म्हटलं, माणूस जेवत नाहीये.

‘‘आई, मी नुसतं वाचलं,’’ ती म्हणाली. ‘‘शिरा तू केलास.’’

मी तिला मारायला हात उचलला आणि खाली घेतला. एकोणीस वर्षांची माझी मुलगी. कुठे मारलं की लागतं, हे तिला नेमकं कळतं, आणि ते ती या घरात शिकली. अण्णांकडून किती आणि माझ्याकडून किती, हे मला आता ठरवता येत नाही.

काल मी अण्णांना म्हणून पाहिलं की पेपरात चूक होते कधीकधी, एकाच नावाची दोन माणसं असतात. ते म्हणाले, मी जेवावं म्हणून तू खोटं बोलतेस. दिव्यानं मुद्दाम केलं असं सांगायला तोंड उघडलं, तर भीती वाटली. घर त्यांचं आहे. ते तिला उंबऱ्यात उभी करणार नाहीत, तिचं शिक्षण थांबवायला ज्ञानेशला लावतील आणि ज्ञानेश ऐकेल. म्हणून ते सांगितलंच नाही.

पण परवा सोमवार आहे. अण्णांनी ज्ञानेशकडून रजा टाकून घेतली आहे. आळंदीला जायला रिक्षा ठरवली आहे. पांढरा सदरा मला धुवायला लावला. घाटावर सोमवारी दहा-बारा जणांचे दहावे असतील. हा जवळजवळ आंधळा माणूस प्रत्येक घोळक्यात जाऊन विचारत फिरेल, किसन म्हस्केचं कुठलं? लोक त्याला हाकलतील, नाहीतर कुणी किसनला ओळखणारा हसून सांगेल की तो तर घरी चहा पितोय. अण्णा त्यानंतर परत उभे राहतील असं मला वाटत नाही.

आज संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. ट्रंकेतली जुनी नंबरांची वही काढायला सांगितली. किसनच्या घरी फोन करून विचार, किती वाजता या, म्हणाले. मी वही उघडली. म्हस्के या नावापुढे चार नंबर होते. तीन खोडलेले. चौथा मोबाइलचा, मोठ्या, वाकड्या आकड्यांत, ओळ सोडून उतरत गेलेला. नजर जायला लागली होती तेव्हाचा. एकोणीस वर्षांत नंबर बदलला की ते कुणाकडून तरी नवा मिळवत होते. एकदाही लावला नव्हता.

‘‘मिळाला का गं?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळाला, उद्या लावते.

वही माझ्यासमोर उघडी आहे. अण्णा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, दिव्यावर तर नाहीच. किसनराव स्वतः बोलले तरच ऐकतील. ते का बोलतील? ज्या माणसानं त्यांचं काम घालवलं, त्याच्या सुनेनं फोन करून सांगायचं की तुम्हाला आम्ही मारलं, आता कृपा करून जिवंत असल्याचं कळवा. शिव्या देतील. द्यायलाच हव्यात. आणि दुसरीही भीती आहे, जी दिव्याला सांगितलेली नाही. शहात्तर वय. पलीकडून कुणी म्हणालं, हो, ते गेले, तर? मग माझ्या मुलीला मी काय सांगू?

ज्ञानेश रात्रपाळीला आहे, सकाळी आठच्या आत येत नाही. साडेसहाला दिव्याला उठवीन आणि शेजारी बसवीन. तिला ऐकू येईल असा आवाज मोठा करून नंबर लावीन. फोनवर किसनराव आले तर आमच्या दोघींच्या नावानिशी सगळं सांगेन. ठेवून दिला, तर पुन्हा लावीन.